पाटीच्या आधी अंगण

"हुंदडू नकोस, एका जागी बस आणि अ-आ गिरव." तीन वर्षांच्या लेकराला असे बजावणारी आई किंवा आजी आपल्या वस्तीत घरोघरी भेटते. तिचा हेतू चांगलाच असतो. शिक्षणाशिवाय आपल्याला तरणोपाय नाही, हे बाबासाहेबांमुळे आपल्या घराघरात पोहोचले आहे. पण या वयात मुलाला बसवून ठेवले, तर त्याचे शिक्षण पुढे जाण्याऐवजी अडते. ते कसे, हे आज समजून घेऊ.

हालचाल आणि अक्षर

लिहिताना बोटे चालतात. बोटांना आधार मनगटाचा, मनगटाला खांद्याचा आणि खांद्याला पाठीचा. पाठ आणि खांदे बळकट होतात ते धावून, चढून, लोंबकळून, ओढून-ढकलून. ही तयारी झालेली नसेल तर मूल पेन्सिल मुठीत धरते, लवकर थकते, रडते. म्हणून ते 'ढ' ठरत नाही, त्याचे शरीर अजून तयार व्हायचे असते.

वर-खाली, आत-बाहेर, जवळ-लांब हे शब्दही मूल आधी अंगाने शिकते. पायऱ्या मोजत चढणाऱ्या मुलाला अंक पाठ करून घ्यावे लागत नाहीत.

दिवसाला किती?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी सूचना दिल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल हवी. त्यातली ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हवी. मोबाइल-टीव्ही एका तासापेक्षा जास्त नको, कमी तितका बरा. झोप दुपारची धरून १० ते १३ तास हवी. वर्षाच्या आतल्या बाळाला मोबाइल दाखवूच नये.

अंगणवाडी आली कुठून?

आपल्यासारख्याच समुद्रकाठच्या बोर्डी गावात (आता पालघर जिल्हा) १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. दलित वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीत नेली आणि तिथल्या अंगणात भरवली. तीच अंगणवाडी. महागडी साधने नव्हती, म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले.

म्हणजे अंगणवाडीचे मूळच आपल्यासारख्या वस्तीच्या अंगणात आहे. तिथे मुले नाचताना, खेळताना दिसली तर "बाई काही शिकवत नाहीत" असे म्हणू नका. तेच शिकवणे आहे.

घरी काय करावे?

- दोन ते तीन वर्षे: चेंडू लाथेने ढकलणे, वाकून शिंपले गोळा करणे, करवंटीने वाळू भरणे व ओतणे.
- तीन ते चार वर्षे: दोन्ही पायांनी उडी, जमिनीवर आखलेल्या रेघेवरून चालणे, पोफळीच्या विरीवर बसवून एकमेकांना ओढणे.
- चार ते सहा वर्षे: लंगडी, चेंडू झेलणे, हात धरून ठेंगण्या बांधावरून चालणे, लहान कळशीतून पाणी आणणे.
- पावसाळ्यात: एका खोलीतही जमते. बेडूकउड्या, खेकड्याची चाल, गोधडीची गुंडाळी ओलांडणे, टाळ्यांच्या तालावर नाच. कणीक मळणे, वाटाणे सोलणे यांनी बोटे तयार होतात.

मुलगी असो वा मुलगा, खेळ सारखाच. "मुलीच्या जातीने उड्या मारू नयेत" हे आपल्या घरात नको.

खेळून आलेल्या लेकराला भूक लागते. बिस्किटाच्या पुड्याऐवजी नाचणीची भाकरी, मुगाची उसळ, अंडे किंवा काटे काढलेली मासळी द्या.

काळजी कुठे घ्यावी?

पुळणीवर, खाडीकाठी, विहिरीजवळ मूल एकटे नको. "मोठी भावंडे आहेत ना" हे पुरेसे नाही, जाणते माणूस हाताच्या अंतरावर हवे. भरतीच्या वेळी पाण्याकडे नेऊच नये.

दीड वर्षाचे होऊनही मूल चालत नसेल, तीन वर्षांचे होऊनही सारखे पडत असेल, किंवा आधी जमणारी गोष्ट आता जमेनाशी झाली असेल, तर "होईल मोठेपणी" म्हणून थांबू नका. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. पथक यायला वेळ असेल तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

विहाराचे अंगण

घरे दाटीची, गल्लीत मोटारसायकली, मग मुलांनी खेळावे कुठे? बहुतेक वस्त्यांत विहारापुढे थोडी मोकळी जागा असते. रोज संध्याकाळी एक तास ती जागा सहा वर्षांखालच्या मुलांसाठी राखून ठेवता येईल. काचा-खिळे वेचावेत, गाड्या बाजूला लावाव्यात आणि दोन पालकांनी आळीपाळीने लक्ष ठेवावे. यासाठी निधी लागत नाही, महिला मंडळाच्या एका बैठकीत ठरवता येते.

पाटी-पेन्सिल हातात येणारच आहे. ती धरणारा हात आधी अंगणात तयार होऊ द्या.