काइयुकानला जायचं तर सवडीनं जा

कोबेत राहायला आल्यापासून एक बिनपगारी काम माझ्या गळ्यात पडलंय: पाहुण्यांना ओसाकाचं काइयुकान मत्स्यालय दाखवणं. टूर कंपन्यांच्या कार्यक्रमात सकाळी ओसाकाचा किल्ला, संध्याकाळी दोतोनबोरीची खरेदी आणि मधल्या फटीत 'मत्स्यालय, एक तास' असं कोंबलेलं असतं. माझी मामेबहीण अशाच एका ग्रुपबरोबर आली होती. आत गेली आणि तास भरायच्या आतच बाहेर येऊन उभी. "ताई, छान आहे गं, पण तू सांगत होतीस तेवढं काही नाही. तोच तोच मासा परत परत दाखवतात!"

तिचं म्हणणं शब्दशः खरं आहे. 1990 मध्ये उघडलेल्या या इमारतीची रचनाच तशी आहे. सरकत्या जिन्यानं तुम्हाला थेट आठव्या मजल्यावर नेतात आणि तिथून उतरणीच्या वाटेनं गोल फिरत खाली आणतात. मधोमध प्रशांत महासागराची टाकी: नऊ मीटर खोल, 5,400 टन पाणी. भोवतीनं पनामाचं आखात, अंटार्क्टिका, ग्रेट बॅरियर रीफ, म्हणजे प्रशांत महासागराच्या काठाकाठानं केलेली प्रदक्षिणाच. ही मोठी टाकी वळणावळणावर पुन्हा समोर येते, प्रत्येक वेळी थोड्या आणखी खोलीवरून. वरच्या खिडकीतून व्हेल शार्कची ठिपक्याठिपक्यांची पाठ दिसते. तोच मासा खालच्या मजल्यावरून पांढऱ्या पोटासकट डोक्यावरून जातो, आणि वर ज्यांचा पत्ता नव्हता ते तळाशी पसरलेले पाकट तिथे अगदी नाकासमोर असतात.

आपली सवय आड येते ती इथे. आपल्यापैकी अनेकांचं पहिलं मत्स्यालय म्हणजे मरीन ड्राइव्हवरचं 1951 सालचं तारापोरवाला. भिंतीत ओळीनं टाक्या, एक बघितली की पुढची. त्याच हिशेबानं इथे चालत सुटलात, तर उतारच तुम्हाला दारापर्यंत आणून सोडतो. मागच्यांची गर्दीही लोटत असते. हुकलेलं बघायला परत वर चढणं म्हणजे त्या सगळ्या लोंढ्याच्या विरुद्ध जाणं. म्हणून माझं पाहुण्यांना पहिलं सांगणं असं की वरच्या खिडकीशी फोटोसाठी रेटारेटी करू नका. तिथे सगळेच थबकतात, कारण व्हेल शार्क पहिल्यांदा तिथे दिसतो. दोन वळणं उतरलात की तोच मासा निवांत बघता येतो. अडीच-तीन तास हाताशी ठेवा. तेवढा वेळ नसेल तर त्या दिवशी दुसरं काही बघा, हे मी तोंडावर सांगते आणि थोडी वाईट होते.

तिकिटाचं मात्र आधी बघायला हवं. प्रवेशाची वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं आणि दिवसागणिक दरही बदलतो. एप्रिल अखेरच्या गोल्डन वीकमध्ये किंवा ऑगस्टमध्ये ओबोनच्या सुट्टीत अकरा वाजता दारात जाऊन उभे राहिलात, तर दुपार उलटल्यानंतरची वेळ पदरात पडू शकते. आणखी एक गैरसमज: ओसाका अमेझिंग पास घेतला म्हणजे सगळं आलं. काइयुकानचा प्रवेश त्यात येत नाही. माझं मत विचाराल तर संध्याकाळी पाचनंतर जा. शाळांच्या सहली गेलेल्या असतात, दिवे मंद करतात आणि टाकी जास्त खोल वाटते. फक्त शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या तासभर आधी असतो, तेव्हा तो मुहूर्त गाठायला जाऊ नका.

वेळ काढायची पाळी आलीच तर शेजारी 112.5 मीटर उंचीचा आकाशपाळणा आहे. आणि तेम्पोझान नावाचा डोंगरही आहे, उंची 4.53 मीटर! 1831 मध्ये नदीतला गाळ उपसून टाकला, त्याचा हा ढिगारा. कित्येक वर्षं जपानमधला सर्वांत ठेंगणा डोंगर म्हणून मिरवायचा. 2011 च्या त्सुनामीनंतर सेंदाईच्या एका टेकडीनं तोही मान हिसकावून घेतला. सिंहगडाच्या गप्पा मारणाऱ्या भाऊजींना मी मुद्दाम तिथे चढवते.

खाऊ घालायची वेळ आधी बघून ठेवा आणि त्या वेळी वरच्या मजल्यावरच थांबा. वरून क्रिल ओततात. व्हेल शार्क पृष्ठभागाशी येतो, हळूहळू शेपूट खाली सोडतो आणि पाण्यात चक्क उभा राहतो. मग ते रुंद तोंड उघडतं, आत पाण्याचा लोट खेचला जातो आणि कल्ल्यांच्या फटी एकामागोमाग एक फुगतात. एवढं मोठं धूड, आणि गिळतं काय तर बोटभर जीव. माझ्या शेजारची मंडळी या वेळी बहुधा व्हिडिओ कॉलवर असतात आणि "दिसतंय का? दिसतंय का?" करण्यात ते निघून जातं. फ्लॅशला बंदी आहेच. तो मारला तरी अ‍ॅक्रिलिकवर तुमचाच चेहरा उमटतो.

एवढा मोठा जीव टाकीत ठेवावा का, हे मलाही दरवेळी खुपतं. इथले व्हेल शार्क जपानच्याच कोची प्रांताच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या स्थिर जाळ्यांत सापडतात. काइयुकानचं संशोधन केंद्रही तिथेच तोसाशिमिझूला आहे. आपल्याकडे 2001 पासून या माशाला कायद्यानं वाघाइतकंच संरक्षण आहे. मुलांना हे सांगावं, त्यांचे प्रश्न येऊ द्यावेत.

खाली जपानच्या खोल समुद्राची टाकी आहे. अंधारी आणि थंड, म्हणून लोक तिथून सटकतात. तिथले कोळी खेकडे बघाच. एका पायाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत तीन मीटरहून जास्त पसरू शकतात. हलतात इतके सावकाश, की हा जिवंत आहे का असं मुलं विचारतात. तेवढ्यात एक पाय उचलला जातो, शेजाऱ्याच्या पाठीवरून जातो आणि पलीकडे टेकतो.

वयस्कर माणसांना ही वाट सोपी पडते, कारण ती उताराची आहे. गुडघे दुखणाऱ्या माझ्या सासूबाई इथे किल्ल्यापेक्षा खूश होत्या. वर जायच्या आधी स्वच्छतागृह मात्र उरकून घ्यावं. शेवटी पाकटांना हात लावायची जागा आहे. मुलांच्या बाह्या कोपरापर्यंत भिजतात, एक जादा शर्ट जवळ असू द्या.

मेट्रोनं येणार असाल तर लाल मिडोसुजी लाइननं होम्माचीला उतरा आणि हिरव्या चुओ लाइननं ओसाकाको गाठा. तिथून पाच-एक मिनिटं चाल. युनिव्हर्सल स्टुडिओकडून येणाऱ्यांना दहा मिनिटांची बोट आहे, पण संध्याकाळच्या शेवटच्या फेरीची वेळ आधी बघा. शाकाहारी मंडळींची पंचाईत बाहेर पडल्यावर होते. शेजारच्या बाजारात खाण्याची दुकानं रग्गड आहेत, पण "ऑक्टोपस नको" म्हटल्यानं ताकोयाकी, म्हणजे ऑक्टोपसचे गोळे, शाकाहारी होत नाहीत, त्यांच्या पिठातच दाशी, म्हणजे माशांचा अर्क, असतो. सूपचंही तेच. तेव्हा घरून आणलेले ठेपले किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या काढा आणि बंदरावर बसून खा. बरोबर एक रिकामी पिशवीही ठेवा, कारण जपानमध्ये रस्त्यावर कचरापेटी शोधून सापडत नाही.