माजी विद्यार्थ्याबरोबरची मुलाखत : पूर्वतयारी

जयपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने अमेरिकेतील एका विद्यापीठाकडे प्रवेशासाठी अर्ज केला आहे, असे समजू. अर्ज पोचल्यावर तिला एका अपरिचित व्यक्तीचे पत्र येते. ही व्यक्ती त्या विद्यापीठाची माजी विद्यार्थी असते व तिला मुलाखत घ्यावयाची असते. हार्वर्ड, येल, एमआयटी इत्यादी संस्थांत ही प्रथा आहे. मुलाखत घेणारा हे काम विनावेतन करतो. प्रवेशाचा निर्णय त्याच्या हाती नसतो. तो केवळ अहवाल लिहून पाठवितो. प्रत्येक अर्जदाराला मुलाखतीस बोलावले जातेच असे नाही, आणि न बोलावणे हे अपात्रतेचे लक्षणही नव्हे.

मुलाखत घेणाऱ्यापुढे बहुधा गुणपत्रिका किंवा निबंध नसतात. म्हणून पाठ केलेली गुणांची यादी तेथे निरुपयोगी ठरते. कागदावर जे उतरत नाही, तेच त्याला जाणून घ्यावयाचे असते: हा विद्यार्थी विचार कसा करतो, आणि एवढ्या दूर जाण्यामागे त्याचा हेतू कोणता?

हा प्रश्न नवा नाही. 1913 साली बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर मुंबईत महाराजा सयाजीराव गायकवाडांना भेटले, तेव्हा त्यांच्यापुढे तो याच स्वरूपात उभा होता. वडिलांचे निधन होऊन काही महिनेच झाले होते आणि परदेशी शिक्षणाचा खर्च त्यांना स्वतःच्या बळावर पेलणारा नव्हता. चरित्रकारांनी दिलेल्या वृत्तांतानुसार महाराजांनी विचारले, कोणता विषय शिकणार आणि त्याचे पुढे काय करणार? भीमरावांनी समाजशास्त्र, अर्थशास्त्र व विशेषतः सार्वजनिक वित्तव्यवस्था ही नावे घेतली. आणि या अभ्यासातून आपल्या समाजाची दशा सुधारण्याचा मार्ग सापडेल, असे सांगितले. महाराजांचा पुढचा प्रश्न अधिक कठीण होता: संस्थानची नोकरी आणि समाजसेवा ही दोन्ही कशी साधणार? संधी मिळाल्यास दोन्ही साधेन, असे उत्तर त्यांनी दिले. 4 जून 1913 रोजी करार झाला. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची सेवा करण्याचे बंधन त्यात होते. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले व कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, विषय, कारण आणि पुढील कार्य ही तिन्ही एकाच सूत्रात गुंफलेली होती. उत्तर पाठ केलेले असते, तर दुसऱ्याच प्रश्नाला ते कोलमडले असते.

आता जयपूरच्या विद्यार्थिनीकडे वळू. "मला नगररचनेची आवड आहे," एवढेच ती म्हणाली, तर अहवालात लिहिण्याजोगे काही उरत नाही. परंतु तिच्या परिसरात मेट्रोचे स्थानक आहे. ही सेवा 3 जून 2015 रोजी सुरू झाली. एकाच परिसरात मंत्र्यांचे बंगले आहेत आणि तेथे कामास येणाऱ्यांची रोजची पायपीटही आहे. मेट्रो कोण वापरते, कोण वापरत नाही आणि का, हे तिने स्वतः पाहिले व विचारले असेल, तर ती त्याविषयी बोलू शकेल. तिचे निष्कर्ष चुकले तरी हरकत नाही. पाहणे तिचे स्वतःचे असले पाहिजे.

व्यावहारिक तयारीही आवश्यक आहे. पत्राला तत्परतेने व विनयाने उत्तर द्यावे. भेट समक्ष असेल, तर ती ग्रंथालयासारख्या सार्वजनिक ठिकाणी ठरवावी आणि घरी सांगून जावे. मुलाखत दूरदृश्य माध्यमातून असेल, तर वेळ तपासावी: हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेनऊ वाजतात, तेव्हा जयपूरमध्ये रात्रीचे आठ वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तेथील घड्याळे एक तास मागे जातात, हेही ध्यानात ठेवावे. इंग्रजी उच्चारांची भीती बाळगू नये. प्रश्न न समजल्यास पुन्हा विचारावा. माजी विद्यार्थ्याला त्याच्या अनुभवाविषयी दोन-तीन खरे प्रश्न विचारावेत आणि भेटीनंतर आभाराचे छोटे पत्र पाठवावे.

प्रवेश मिळेल किंवा मिळणार नाही. मात्र "मला हे का शिकावयाचे आहे?" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ज्याने शोधले, त्याची तयारी वाया जात नाही.

अभ्यास

1. आपण निवडलेल्या विषयाचे कारण पाच वाक्यांत लिहा. त्यातील कोणते वाक्य दुसरा कोणीही लिहू शकेल, ते शोधून खोडा.
2. आपल्या परिसरातील एखाद्या प्रश्नाची आठवडाभर नोंद ठेवा.