दूरदर्शनची ती धून नेमकी कुणाची?

शंका : घरी वाद पेटलाय. दूरदर्शन सुरू होताना वाजायची ती धून म्हणजे ‘सारे जहाँ से अच्छा’च, असं आमचे मामा छातीठोक सांगतात. वर म्हणतात, “अबे, रेडिओवर सकाळी वाजते, तेच ते होय!” मी म्हणतो, दोन्ही वेगळ्या. खरं काय?
– एक वाचक, चांदूर रेल्वे

समाधान : मामांना अर्धे गुण.

रेडिओच्या बाबतीत ते साफ चुकले. आकाशवाणीची धून 1930च्या दशकातली. युरोपातून मुंबईला आलेल्या वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराची. मागे तानपुरा, पुढे व्हायोलिन, सूर शिवरंजनीच्या वळणाचे. दूरदर्शनची धून तिच्याहून चाळीसेक वर्षांनी धाकटी. दूरदर्शन 1 एप्रिल 1976 रोजी आकाशवाणीपासून वेगळं झालं. वेगळी चूल मांडली म्हणजे ओळखही वेगळी हवी. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतले देवाशिस भट्टाचार्य यांनी डोळ्याचं बोधचिन्ह काढलं आणि धून बांधली पं. रविशंकर यांनी. तिच्या श्रेयात शहनाईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खान यांचंही नाव घेतलं जातं.

आता मामांचे अर्धे गुण. इक्बालांचं ‘सारे जहाँ’ 1904चं, पण आज आपण गातो ती चाल रविशंकरांची. 1945च्या सुमारास ते मुंबईत ‘इप्टा’ या नाट्यसंघाबरोबर काम करत होते. जुनी चाल त्यांना फार संथ आणि उदास वाटली, म्हणून त्यांनी नवी बांधली. दूरदर्शनची धून ऐकताना तीच चाल आठवते, ती त्यामुळेच. पण आठवण येणं म्हणजे तेच गाणं असणं नव्हे. दोन्ही लागोपाठ गुणगुणून बघा; सुरुवातीला वाटा जवळून जातात, पुढे धून आपली आपण फिरते.

या धुनेचा आणखी एक उपयोग फारसा कुणी सांगत नाही. जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब तापायला वेळ लागायचा. बटण दाबलं की आवाज आधी, चित्र मागून. पडदा काळा असतानाच शहनाई स्वयंपाकघरापर्यंत पोचायची आणि तव्यावरची भाकर उलटून बाई बाहेर यायची. माझ्या मते, या धुनेचं खरं काम बोलावण्याचं होतं.

शंका : मग ‘आभाळमाया’च्या गाण्यालाही सिग्नेचर ट्यून म्हणायचं का?
– तेच वाचक

समाधान : नाही, ते शीर्षकगीत. वाहिनीच्या धुनेला शब्द नसलेलेच बरे. दूरदर्शनची धून मराठी घरात जशी वाजली, तशीच तमिळ घरातही. मालिकेला मात्र आपली गोष्ट सांगायची असते, तिथे शब्द लागतात. ‘आभाळमाया’ 1999ची, अल्फा मराठीवरची. शब्द मंगेश कुळकर्णी यांचे, आवाज देवकी पंडित यांचा, चाल अशोक पत्कींची. 1988च्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’च्या संगीतामागेही हेच पत्की होते. मामांना हे ठाऊक असेल, तर उरलेले अर्धे गुणही देऊन टाका.