उद्यान, वास्तू आणि स्मृती : पोलंडमधील पुवावी

प्रस्तावना

स्थलवर्णनपर गद्य वाचताना लेखकाने काय पाहिले याकडे आपले लक्ष प्रथम जाते. परंतु स्थळ हीदेखील एक संहिता असते. तिला कर्ता असतो, हेतू असतो आणि पुष्कळदा तिच्यात नंतरच्या हातांनी केलेली खाडाखोडही असते. प्रस्तुत घटकात पोलंडमधील पुवावी या लहान नगराचे राजवाडा-उद्यान आपण अशा रीतीने वाचणार आहोत.

नगराच्या नावाविषयी आधी थोडे सांगणे आवश्यक आहे. नकाशावर हे नाव पाहून मराठी वाचक 'पुलावी' असे वाचतो. पोलिश लिपीत मात्र 'ल'च्या अक्षरावर तिरपी रेघ असली, की त्याचा उच्चार आज ओष्ठ्य 'व'सारखा होतो, म्हणून 'पुवावी'. हे नगर लुब्लिनच्या वायव्येस, विस्तुला नदीच्या उजव्या काठावर वसलेले आहे.

राजवाडा आणि त्याचा विध्वंस

येथील राजवाडा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लुबोमिर्स्की घराण्यासाठी बांधला गेला. त्याचा वास्तुकार तिलमान फान खामेरेन हा होता. १७०६ मध्ये स्वीडिश सैन्याने तो जाळला. पुढे १७३१ मधील एका विवाहसंबंधाने ही जहागीर चार्तोरिस्की घराण्याकडे आली. १७८५ च्या सुमारास अॅडम काझिमिएर्झ चार्तोरिस्की आणि त्यांच्या पत्नी इझाबेला यांनी येथे कायमचे वास्तव्य केले. कवी, चित्रकार व विद्वान यांचा येथे इतका राबता असे, की पुवावीस 'पोलिश अथेन्स' म्हटले जाऊ लागले. हे बिरुद काहीसे सढळ हाताने दिलेले वाटते, तरी ते अगदीच निराधार नव्हते.

१७९४ मध्ये कोश्चुश्को यांच्या नेतृत्वाखालील उठाव चिरडताना रशियन सैन्याने राजवाडा व उद्यान लुटले. पुढच्याच वर्षी तिसरी फाळणी झाली आणि पोलंड हे राज्य युरोपच्या नकाशावरून नाहीसे झाले. आज दिसणारे उद्यान या दोन आघातांनंतरचे आहे, ही गोष्ट या घटकाच्या अभ्यासात कायम ध्यानात ठेवावी.

उद्यानाचे व्याकरण

इझाबेला यांनी उद्ध्वस्त बागेची पूर्वीची रेखीव, भौमितिक रचना पुन्हा उभारली नाही. जेम्स सॅव्हेज या उद्यानतज्ज्ञाच्या साहाय्याने त्यांनी इंग्रजी धर्तीचे निसर्गसदृश उद्यान घडविले. वळणाच्या वाटा, नदीच्या जुन्या पात्राकडे उतरणारे काठ, मोठ्या वृक्षांचे पुंजके आणि मधूनमधून उघडणारी दृश्ये असे त्याचे रूप आहे. १८०५ मध्ये त्यांनी उद्यानरचनेविषयीचे आपले विचार पोलिश भाषेत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्या काळातील उमराव घराण्यांत फ्रेंच भाषेची प्रतिष्ठा मोठी होती. राज्य गमावलेल्या समाजातील एका राजकुलीन स्त्रीने झाडे कशी लावावीत हे स्वभाषेत लिहावे, याचे मोल आपण भाषेचे विद्यार्थी सहज ओळखू शकतो.

अशा लेखनासाठी परिभाषाही लागते. वृक्ष-झुडुपांच्या पुंजक्यासाठी त्या काळच्या पोलिश उद्यानशास्त्रात 'क्लोंब' हा शब्द रूढ झाला. तो इंग्रजी 'क्लम्प'पासून आला आहे. मराठीत आपण कदाचित 'राई' म्हणू. आजच्या पोलिशमध्ये मात्र 'क्लोंब' म्हणजे फुलांचा ताटवा. शब्द तोच राहिला, झाडे तेवढी खुजी झाली!

सिबिलेचे मंदिर

उद्यानाचा मध्यबिंदू म्हणजे सिबिलेचे मंदिर. ख्रिस्तियान पिओत्र आयग्नर या वास्तुकाराने इटलीतील तिवोली येथील प्राचीन वर्तुळाकार मंदिराच्या नमुन्यावर ते बांधले. ते १८०१ मध्ये पूर्ण झाले आणि पोलंडमधील पहिले संग्रहालय म्हणून ओळखले जाते. पोलिश राजांच्या व वीरांच्या स्मृतिवस्तू येथे ठेवल्या होत्या. राज्य उरले नसताना राज्याची आठवण राखणारी ही जागा होती.

त्याच्या प्रवेशद्वारावर अवघे दोन शब्द कोरलेले आहेत : 'प्शेश्वोश्च प्शिश्वोश्चि'. अर्थ असा, की 'भूतकाळ – भविष्यकाळास'. येथे थोडे थांबू या. दोन्ही शब्द 'जाणे' या अर्थाच्या एकाच धातूपासून बनले आहेत, फरक केवळ उपसर्गाचा आहे. जे ओलांडून गेले ते पहिले, जे जवळ येणार ते दुसरे. आपल्या 'गत' आणि 'अनागत' या शब्दांची घडण येथे आठवते. 'भूत' आणि 'भविष्य' हेही एकाच धातूचे, परंतु तो 'होणे' या अर्थाचा 'भू' आहे. शिवाय दुसऱ्या शब्दाचे रूप चतुर्थीचे आहे. क्रियापद कोठेही नाही. 'अर्पण', 'सोपविला', 'देणे आहे' यांपैकी काय घ्यावे ते वाचकावर सोडले आहे. पोलिशमध्ये या नामाचे षष्ठीचे रूपही असेच होते. त्यामुळे 'भविष्याचा भूतकाळ' असे वाचण्यास व्याकरणाची हरकत नाही, पण रूढ अर्थ चतुर्थीचाच आहे.

गॉथिक सदन आणि एक चित्र

संग्रह वाढल्यावर १८०९ मध्ये शेजारीच गॉथिक सदन उभे राहिले. त्याच्या भिंतींत ठिकठिकाणच्या ऐतिहासिक इमारतींचे दगड-तुकडे बसविलेले आहेत. स्ट्रॅटफर्डहून विकत आणलेली 'शेक्सपिअरची खुर्ची'ही इझाबेला यांच्या संग्रहात होती. तिच्या खरेपणाविषयी भाविकाइतका विश्वास ठेवण्याचे आपल्याला कारण नाही. लिओनार्दो दा विंची यांचे 'अर्मिनसह स्त्री' हे चित्र मात्र अस्सल होते. इझाबेला यांचे पुत्र अॅडम येझी यांनी ते इटलीत मिळविले होते. चित्राच्या कोपऱ्यात नंतर कोणीतरी लिहिलेल्या अक्षरांत 'विंची'तील 'व' पोलिश वर्णलेखनाप्रमाणे लिहिला आहे. लिहिणारा हात पोलिश वळणाचा असावा, हे त्या एका अक्षरावरून दिसते.

नामांतर

१८३०-३१ च्या उठावात अॅडम येझी राष्ट्रीय सरकारचे प्रमुख होते. पराभवानंतर ते परदेशी गेले आणि जहागीर जप्त झाली. संग्रह तत्पूर्वीच हलविण्यात आला होता. त्याचा मोठा भाग पॅरिसला गेला आणि पुढे क्राकुफ येथे स्थिरावला. लिओनार्दोंचे चित्र आज तेथेच आहे. १८४६ मध्ये रशियन सत्तेने पुवावीचे नाव बदलून 'नवी अलेक्सांद्रिया' केले. याच नावाखाली येथे कृषी व वनविद्येची संस्था चालली आणि मृदाशास्त्राचे प्रवर्तक वासिली दोकुचायेव यांनी १८९० च्या दशकात तिचे संचालकपद भूषविले. त्यामुळे नामांतराचा हा काळ केवळ लोपाचा म्हणून बाजूला सारता येत नाही. मृदा व पीक संशोधनाची परंपरा नगरात आजही चालू आहे. रशियन सत्ता गेल्यावर जुने नाव परत आले.

मंदिर आणि गॉथिक सदन आता पुन्हा संग्रहालयाच्या स्वरूपात खुले आहेत. सुमारे ३० हेक्टरांच्या उद्यानात चिनी मंडप, संगमरवरी शवपेटिकेच्या आकाराचे स्मारक आणि इझाबेला यांची कन्या मारिया हिच्यासाठी बांधलेला 'मारिंका' प्रासाद पाहावयास मिळतो. ही मारिया पुढे 'मालविना' (१८१६) या कादंबरीची लेखिका म्हणून प्रसिद्धीस आली.

स्वाध्याय

१. मंदिरावरील लेखात क्रियापद नसल्याने अर्थनिष्पत्तीवर कोणता परिणाम होतो, ते मराठीतील एखाद्या शिलालेखाशी किंवा स्मारकावरील मजकुराशी तुलना करून लिहा.

२. आपल्या परिसरातील एखाद्या बागेचे किंवा जुन्या वास्तूचे सुमारे ३०० शब्दांत वर्णन करा. तिचे नाव कधी बदलले असल्यास जुने नाव आज कोण वापरते, याची वडीलधाऱ्यांकडे चौकशी करून नोंद घ्या.