खंड्या : ओळख आणि आश्रय

ओढ्यावर झुकलेल्या फांदीवर एक पक्षी निश्चल बसलेला असतो. क्षणात तो पाण्यात सूर मारतो आणि चोचीत मासा धरून पुन्हा जागेवर येतो. हाच खंड्या, यालाच धीवर असेही म्हणतात. लांब, बळकट व टोकदार चोच, शरीराच्या मानाने मोठे डोके, आखूड पाय आणि पुढची काहीशी जोडलेली बोटे ही या कुलाची लक्षणे होत.

महाराष्ट्रातील तीन परिचित जाती सहज ओळखता येतात. लहान खंड्या चिमणीहून किंचित मोठा असतो. त्याची पाठ चकाकत्या निळ्या रंगाची व पोट नारिंगी असते. नराची चोच काळी, तर मादीच्या चोचीचा खालचा भाग तांबूस असतो. पांढऱ्या छातीचा खंड्या सुमारे २८ सेंटिमीटर लांब असून त्याचे डोके व पोट तपकिरी, पाठ निळी आणि चोच लाल असते. नाकतोडे, सरडे व बेडूकही तो खात असल्याने पाण्यापासून दूर, शेतातही आढळतो. कवड्या खंड्या काळा-पांढरा असतो. पाण्यावर एकाच ठिकाणी पंख फडफडवीत तो मासा हेरतो. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे, मादीच्या छातीवर मध्ये तुटलेला एकच पट्टा असतो. याखेरीज पावसाळ्यात कोकणात वीण करणारा तिबोटी खंड्या जेमतेम १३ सेंटिमीटरचा असून त्याच्या पायाला तीनच बोटे असतात.

रूपे भिन्न असली तरी या सर्वांचा आश्रय एकच, तो म्हणजे मातीची उभी दरड. तीत बोगदा कोरून ते आतल्या कोठीत पांढरी अंडी घालतात. पहिल्या तीन जातींची वीण बहुतांशी उन्हाळ्यात होते. नेमक्या त्याच दिवसांत तलावातील गाळ काढणे, माती उचलणे, काठांना दगडी पिचिंग करणे ही कामे चालतात. ही कामे आवश्यकच आहेत. परंतु त्यांत दरड कोसळली तर पिले आतच गाडली जातात.

काम सुरू करण्यापूर्वी ग्रामपंचायतीने दरडीची पाहणी करावी. पक्षी भक्ष्य घेऊन वारंवार बिळात शिरत असल्यास आत पिले आहेत, असे समजावे. अंडी उबण्यास सुमारे तीन आठवडे व पिले उडण्यास तीन ते चार आठवडे लागतात. तेवढे दिवस तो भाग सोडून अन्यत्र काम करता येते. अशा बिळांची नोंद शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून दुरूनच करवून घेतल्यास ती पाहणीच्या वेळी पंचायतीच्या उपयोगी पडेल.