जुन्या वाहनांचा संग्रह : अड्यारच्या काठावरून एक अभ्यास

चेन्नईच्या दक्षिण भागातून वाहत येऊन बंगालच्या उपसागरास मिळणाऱ्या अड्यार नदीच्या मुखापाशी त्याच नावाची जुनी वसाहत आहे. थिऑसॉफिकल सोसायटीचे १८८२ पासूनचे मुख्यालय आणि तेथील विशाल वटवृक्ष यांमुळे हे नाव सर्वदूर पोहोचले. जुनी वाहने जपणाऱ्या हौशी संग्राहकांच्या दृष्टीने मात्र अड्यारचे महत्त्व वेगळे आहे. मोटारउद्योगाचा समृद्ध वारसा आणि त्या वारशाचे दोन शत्रू, म्हणजे खारा वारा व पुराचे पाणी, येथे शेजारी शेजारी नांदतात. संग्रह करणे आणि संग्रह सुरक्षित राखणे या दोन स्वतंत्र विद्या आहेत, हे समजून घेण्यासाठी यासारखे दुसरे उदाहरण सहसा सापडणार नाही.

वारसा आणि विविधता

मद्रासच्या उत्तरेस एन्नोर येथे अशोक मोटर्स ही कंपनी १९४८ मध्ये उभी राहिली. प्रारंभी तेथे ऑस्टिन मोटारींची जुळणी होत असे. १९५५ मध्ये ती अशोक लेलँड झाली आणि मालमोटारी व बसगाड्या हेच तिचे क्षेत्र ठरले. त्याच वर्षी मद्रास मोटर्स आणि इंग्लंडची रॉयल एनफिल्ड यांच्या सहयोगातून एनफिल्ड इंडिया स्थापन झाली व तिरुवोट्टियूर येथे ‘बुलेट’ तयार होऊ लागली. इंग्लंडमधील मूळ कंपनीचे उत्पादन १९७० मध्ये थांबले, पण मद्रासची बुलेट धावतच राहिली. शहराच्या दुसऱ्या टोकास वंडलूर येथे स्टँडर्ड मोटर्सची ‘हेरॉल्ड’ बनत असे.

म्हणूनच या परिसरातील हौशी मंडळींची आवड संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसपुरती मर्यादित राहिलेली नाही. मध्यमवर्गीय कुटुंबाची हेरॉल्ड, कुर्ल्याची फियाट, म्हैसूरची येझदी, उत्तरपाड्याची अॅम्बॅसडर यांनाही संग्रहात मानाचे स्थान असते. मद्रास हेरिटेज मोटरिंग क्लबच्या प्रदर्शनांमुळे ही वाहने सर्वसामान्यांसही पाहावयास मिळतात. कोइंबतूर येथील जीडी मोटार संग्रहालय २०१५ मध्ये, तर चेन्नईच्या एव्हीएम स्टुडिओतील वारसा संग्रहालय २०२३ मध्ये खुले झाले.

या सर्वांत दुर्मीळ ठरते ती जुनी मालमोटार. मोटार ही घराची शोभा, तर मालमोटार हे पोट भरण्याचे साधन. ती झिजेपर्यंत राबविली जाते आणि अखेर भंगारात निघते. कारखान्यातून केवळ सांगाडा व इंजिन येई, तर लाकडी हौदा व चालकाची खोली स्थानिक सुतार-लोहार बांधीत. त्यामुळे एक जुनी मालमोटार नष्ट होते तेव्हा त्या कारागिरीचा पुरावाही तिच्यासोबत जातो. शिवाय ती ठेवावयास जागा मोठी लागते. मोटारसायकलीस मात्र घराचा एखादा कोपराही पुरतो. नवशिक्या संग्राहकाने दुचाकीपासून प्रारंभ करावा, या सल्ल्यामागील व्यवहार हाच.

खारा वारा आणि पूर

समुद्रकाठच्या हवेत मिठाचे सूक्ष्म कण व बाष्प असते. क्रोमच्या मुलाम्यास बारीक तडा गेला तरी त्याखालील लोखंड गंजू लागते. दाराच्या तळाशी, चाकांवरील कमानीत व सांगाड्याच्या पोकळ भागांत ओल साचते आणि रंग शाबूत दिसत असतानाच आतून पत्रा खाल्ला जातो. वाहनास प्लॅस्टिकने घट्ट झाकणे हा यावरील उपाय नव्हे, कारण त्यामुळे ओल आतच कोंडते. हवा खेळणारे सुती आच्छादन व कोरडी फरशी अधिक हितावह असते.

डिसेंबर २०१५ च्या प्रारंभी अतिवृष्टी झाली, चेंबरमबाक्कम जलाशयातून पाणी सोडण्यात आले आणि अड्यारच्या पुराने काठच्या वस्त्या जलमय केल्या. तळमजल्यावर उभी असलेली असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशा वेळी घाईने इंजिन सुरू करून पाहणे ही सर्वांत महाग पडणारी चूक होय. पाणी हवेप्रमाणे दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये असताना इंजिन फिरविल्यास आतील दांडा वाकू शकतो. प्रथम बॅटरी सोडवावी, स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवावे व पाणी बाहेर काढावे, आणि दुधाळ झालेले तेल बदलून मगच पुढील विचार करावा.

विमा, नोंदणी आणि कर

पूर ओसरल्यावर कागदपत्रांची परीक्षा सुरू होते. अनेक जुन्या वाहनांचा केवळ त्रयस्थ व्यक्तीच्या दायित्वाचा विमा असतो. त्यातून स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही. सर्वंकष विमा असला, तरीही पाण्यातील इंजिन सुरू केल्याने वाढलेली हानी विमा कंपनी नाकारू शकते. पाच वर्षांहून जुन्या वाहनाचे विमामूल्य कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते. त्यामुळे जाणकाराचे मूल्यांकनपत्र, छायाचित्रे व दुरुस्तीच्या पावत्या आधीच हाती असाव्यात.

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. प्रथम नोंदणीस पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि सांगाडा, बाह्यांग वा इंजिनात मोठे फेरफार न केलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यास पात्र आहेत. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये व पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये शुल्क या नियमांत ठरविण्यात आले असून नोंदणीची मुदत दहा वर्षांची आहे. अशी वाहने प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन भरणे वा देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येतात. नित्याचा वा व्यापारी वापर वर्ज्य आहे. साहजिकच, अधूनमधून कामावर नेण्याच्या मोटारीस ही नोंदणी सोयीची नाही.

कराच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाचा २०२५ मधील एक निर्णय उद्बोधक आहे. एका नोकरदार गृहस्थांनी १९८३ मध्ये २०,००० रुपयांस घेतलेली १९३१ सालची फोर्ड मोटार १९९१ मध्ये २१ लाख रुपयांस विकली. वैयक्तिक वापराची जंगम वस्तू भांडवली मालमत्तेत गणली जात नाही, या तरतुदीच्या आधारे हा नफा करमुक्त असल्याचा त्यांचा दावा होता. परंतु मोटारीचा वैयक्तिक वापर झाल्याचा पुरावा नसल्याने तो अमान्य झाला. वापरता येण्याजोगी वस्तू आणि प्रत्यक्ष वापरलेली वस्तू यांतील हे अंतर एखाद्या इंधनाच्या पावतीनेही कमी होऊ शकते.

जुने वाहन घेताना खरेदीची किंमत हा खर्चाचा पहिला हप्ताच असतो. जागा, सुटे भाग, कारागीर व विमा यांचे हप्ते पुढे वर्षानुवर्षे चालूच राहतात. त्यामुळे नोंदणी पुस्तक, विमापत्र, मूल्यांकन व पावत्या यांची एक फाइल तयार करावी आणि ती घराच्या वरच्या मजल्यावर वा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. पुढील पिढीच्या हाती वाहन देताना ते कोणी, केव्हा व कसे सांभाळले हेही सोबत जावे. अन्यथा वारसदारांच्या लेखी तो अंगणातील अडथळा ठरतो आणि भंगारवाल्याचा काटा त्याची अखेरची किंमत ठरवितो.