देवांची सोयरीक

विरारच्या डोंगरावर जीवदानी आई. वसईजवळ तुंगारेश्वर महादेव. आपल्या देवांनाही घरदार असते, सोयरेधायरे असतात.

जेजुरीच्या खंडोबाचे पाहा. त्याला शंकराचा अवतार मानतात. थोरली बायको म्हाळसा, ती वाण्याची लेक. धाकटी बाणाई, ती धनगराची लेक. बाणाईसाठी देवाने धनगराघरी मेंढरे राखली, असे सांगतात. पुढे सवतींचे पटेना. म्हणून म्हाळसा गडावर आणि बाणाई निम्म्या वाटेवर.

म्हणजे देव वाण्यांचा जावई, तसा धनगरांचाही जावई. देवाने सोयरीक करताना जात पाहिली नाही. मग आपण का पाहावी?

कोणी म्हणेल, देवाला दोन बायका, मग मला का नको? दादा, देवाच्या घरीही भांडण चुकले नाही. शिवाय १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने पहिली नांदत असता दुसरी करता येत नाही.